टीम ‘आपली’ होते ती कशाने?

एप्रिल २०१८. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडू पेटलं होतं. चेपॉकवर सामना चालू असताना प्रेक्षकांतून मैदानात बूट भिरकावले गेले, आणि चेन्नई सुपर किंग्जला घरचे उरलेले सामने घेऊन पुण्याजवळ गहुंज्याला यावं लागलं. दोन वर्षांची बंदी भोगून संघ नुकताच परतला होता. चाहत्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि पदरात पडली घरच्या मैदानावरची एकच मॅच. तेव्हा संघाने त्यांच्यासाठी एक अख्खी रेल्वेगाडी केली. नाव ठेवलं ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’. पिवळे शर्ट, पिवळे झेंडे आणि खिशात शिट्ट्या घेऊन सुमारे हजार माणसं चेन्नईहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरली. २० एप्रिलच्या त्या रात्री शेन वॉटसनने राजस्थान रॉयल्सविरुद्ध १०६ धावा केल्या. गहुंज्याच्या स्टँडमध्ये इतका पिवळा रंग होता की हे मैदान महाराष्ट्रात आहे यावर विश्वास बसू नये.

आणि याच गहुंज्यावर एक वर्ष आधी पुण्याचा स्वतःचा संघ खेळत होता. रायझिंग पुणे सुपरजायंट. २०१७च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून एका धावेने हरला. कर्णधार स्टीव्ह स्मिथ, यष्टींमागे धोनी, संघात बेन स्टोक्स. नावं मोठी, खेळही झकास. पण दोन हंगामांचा करार संपला आणि संघ गेला. त्याआधी २०११ ते २०१३ पुणे वॉरियर्स आले आणि गेले. पुण्यासारख्या क्रिकेटवेड्या शहरात आज या दोन संघांची आठवण निघते ती बहुतेक त्या एका धावेपुरती.

एका संघासाठी लोक दोन रात्री रेल्वेत काढतात आणि दुसरा संघ गेल्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही. यात फरक कुठे पडतो?

मराठी माणसाला हे कोडं सोडवायला त्याची भाषाच हाताशी एक किल्ली देते. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जिंकलो’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण जिंकलो’ म्हटलं की तो आत येतो. संघाचे मालक, प्रशिक्षक, खेळाडू ‘आम्ही’ म्हणतात. टपरीवर चहा पिणारा, आयुष्यात कधी लेदर बॉल हातात न घेतलेला माणूस मात्र बिनदिक्कत ‘आपण’ म्हणतो. चाहत्याची निष्ठा म्हणजे हा ‘आपण’. तो टिकवणं किंवा घालवणं बऱ्याच अंशी संघाच्या हातात असतं.

या ‘आपण’चा पहिला गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांत पाहणी केली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढायची. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकलेल्या सामन्याचं वर्णन करताना ‘आपण’ जास्त यायचं, हरलेल्याचं करताना कमी. म्हणजे विजयाच्या उन्हात सगळेच शेकतात. यात नवल काही नाही. ट्रॉफी उचलली की जर्सी खपणारच. प्रश्न आहे तो हरल्यानंतरच्या सोमवारी जर्सी घालून येणाऱ्यांचा.

त्यांच्याबद्दल २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक लक्षणीय निष्कर्ष मांडला. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अपयशी क्लबांच्या चाहत्यांची त्यांनी तुलना केली. अपयशी क्लबांचे चाहते एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले निघाले, एकमेकांसाठी झीज सोसायला जास्त तयार. एकत्र भोगलेलं दुःख माणसं जोडतं, हे ज्यांनी गल्लीतल्या मंडळाचा एखादा फसलेला गणपती निस्तरला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्सचे चाहते हे याचं सगळ्यात ठळक भारतीय उदाहरण. २००९, २०११, २०१६ असे तीन अंतिम सामने हरूनही ‘ई साला कप नमदे’, म्हणजे यंदा कप आपलाच, ही घोषणा दर वर्षी उठत राहिली. त्यातही ‘आपला’ आहेच. इतरांनी तिची टर उडवली, तरी बंगळुरूच्या पोरांनी ती सोडली नाही.

पण हरत राहिलं की निष्ठा आपोआप येते असंही नाही. हरणारे संघ ढिगाने असतात. लोक दुःख वाटून घेतात ते संघ आपल्याजवळ असेल तरच.

जवळ म्हणजे अगदी शब्दशः जवळ. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आले की काय होतं ते पाहावं. खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे काही व्यावसायिक लीगचे संघ नव्हेत. पण पैसे मोजून बाहेरून, अगदी परदेशातूनही खेळाडू आणतात, आणि तो खेळाडू गोल करतो तेव्हा अख्खी पेठ नाचते. खेळाडू कुठला आहे हे कुणी विचारत नाही, कारण तालीम कुठली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती रोजच्या वाटेवर असते. आजोबा तिथे जोर काढत होते, गणपती तिथलाच, भांडण झालं तर मिटवायला माणसंही तिथलीच.

गोव्यातही हेच होतं. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब ही नावं घराघरात होती. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा पटकावलं. पण देशाच्या फुटबॉलचं केंद्र इंडियन सुपर लीगकडे सरकू लागलं, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. २०१४ मध्ये जन्मलेल्या एफसी गोवाने ती पोकळी भरायचा मनापासून प्रयत्न केला. राज्यप्राणी गव्याचं चिन्ह घेतलं, फातोर्ड्याचं मैदान घर केलं, गोंयकार पोरं संघात ठेवली, आणि २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तो रुजला आहे. तरीही जुन्या गोंयकाराला धेंपोचं नाव निघाल्यावर जे वाटतं ते एका दशकात कसं निर्माण व्हावं?

कबड्डीचं दुखणं याहून मोठं आहे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मातीतला खेळ झगमगत्या मॅटवर आला, आणि वरळीच्या डोममध्ये ‘यू मुम्बा’चा गजर झाला. २०१५ मध्ये मुंबईचा हा संघ विजेताही ठरला. मग कोविड आला, लीग एका जागी बंदिस्त झाली, आणि त्यानंतर २०२३-२४चा हंगाम सोडला तर शहरोशहरी फिरणारा काफिला आखडलेलाच राहिला. २०२४चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत झाला. २०२५चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. म्हणजे मुंबईच्या संघाला सलग दोन हंगाम मुंबईत घर नव्हतं. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवलं तेही हैदराबादेत. आयोजकांची खर्चाची गणितं खरी असतील, पण ज्या गिरणगावात आजही मैदानी कबड्डीला रस्ता अडेल एवढी गर्दी होते, तिथल्या मुलाला आपला संघ फक्त मोबाइलवर दिसावा ही गोष्ट मनाला लागते.

जागा हिरावली तर लोक काय करतात, याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण लंडनच्या विम्बल्डनचं. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं. १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला हा छोटा क्लब. २००२ मध्ये त्याला सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायला एफएने नेमलेल्या आयोगाने परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब उभा केला. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली, ज्याला खेळायचंय त्याने यावं. एएफसी विम्बल्डन नावाचा हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या तळाजवळच्या पायरीवरून निघाला आणि नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. मालकी चाहत्यांच्या ट्रस्टची. पुढे चाहत्यांनीच रोखे घेऊन लाखो पाउंड उभे केले आणि जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, प्लाऊ लेनवर नवं मैदान बांधलं. ३ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिला सामना झाला. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. अठरा वर्षं ज्यांनी या दिवसासाठी पै-पै जोडली, त्यांनी तो घरात बसून पडद्यावर पाहिला.

जागेइतकंच जिव्हारी लागतं ते नाव आणि रंग. वेल्समधल्या कार्डिफ सिटीचा रंग निळा, टोपणनाव ‘ब्लूबर्ड्स’. २०१२ मध्ये मलेशियन मालकांनी तो लाल केला. आशियात लाल रंग शुभ मानतात, जर्सी खपेल, असा हिशेब. गंमत अशी की पहिल्याच लाल हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये चढला. अर्धशतकाने पहिल्या श्रेणीत! यश दारात आलं, तरी लोक निळे मफलर गुंडाळून येत राहिले. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये मालकांना निळा रंग परत आणावा लागला. चाहत्याला जिंकायचं असतं, पण आपण म्हणून जिंकायचं असतं.

हीच गोष्ट कोलकात्यात आणखी मोठ्या प्रमाणावर घडली. मोहन बागानची स्थापना १८८९ची. २९ जुलै १९११ रोजी बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो दिवस आजही ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो. पूर्व बंगालातून आलेल्यांचा ईस्ट बंगाल क्लब १९२० मध्ये निघाला, आणि तेव्हापासून शहराची दोन घरं झाली. बागान जिंकलं की बाजारात कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलशाचा, असं तिथली माणसं हसत हसत सांगतात. १९९७च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. अशा क्लबाच्या नावाआधी २०२० मध्ये विलीनीकरणामुळे ‘एटीके’ ही अक्षरं जोडली गेली. एटीके हा २०१४ मध्ये निघालेला इंडियन सुपर लीगचा संघ. पैसा आला, संघ बळकट झाला, पण चाहत्यांनी ‘रिमूव्ह एटीके’ची मोहीम सुरू केली. फलक लागले, मोर्चे निघाले, काहींनी मैदानाकडे पाठ फिरवली. १८ मार्च २०२३ रोजी आपल्या फातोर्ड्यावर या संघाने पेनल्टी शूटआउटमध्ये बंगळुरूला हरवून लीग जिंकली, आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून एटीके जाईल, नाव मोहन बागान सुपर जायंट असेल. पुण्याच्या रायझिंग संघामागेही गोएंकांचाच उद्योगसमूह होता. पुण्यात आठवणीच जमायला वेळ मिळाला नाही. कोलकात्यात शंभर वर्षांची आठवण मालकाला वाट बदलायला लावण्याइतकी जड होती.

पैशाचा विषय टाळून निष्ठेबद्दल बोलता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ॲनफिल्डवर लिव्हरपूल संडरलँडविरुद्ध २-० असं पुढे होतं. ७७वं मिनिट लागलं आणि हजारो माणसं खुर्च्यांवरून उठली. नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पाउंडांचं होणार होतं, त्याचा हा निषेध. ज्यांनी भर पावसात, पडत्या काळात मैदान सोडलं नव्हतं, ती माणसं संघ जिंकत असताना जिन्यांवरून खाली उतरत होती. राहिलेल्या मिनिटांत संडरलँडने दोन गोल केले, सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दर गोठवले. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या सर्व क्लबांनी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाला ३० पाउंडांची मर्यादा घातली. निष्ठावंत माणूस काहीही सोसेल अशी ज्यांची समजूत असते, त्यांना हे ७७वं मिनिट ठाऊक असायला हवं.

जर्मनीत हा वचक नियमातच आहे. १९९८ पासूनच्या ‘५० अधिक १’ या नियमानुसार, मोजके अपवाद सोडले तर, क्लबात मतांचं बहुमत सभासदांकडेच राहतं. म्हणून डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही २४ हजारांहून जास्त माणसं उभं राहून सामना पाहतात, तेही कामगाराला परवडेल अशा दरात. २००५ मध्ये हा क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. स्टँड रिकामा पडला नाही. पुढे २०११ आणि २०१२ मध्ये तो पुन्हा विजेता झाला. डिसेंबर २०२३ मध्ये लीगमध्ये खासगी गुंतवणूकदार आणायचा घाट घातला गेला, तेव्हा चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत गुंडाळला.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधले सगळे संघ धनिकांचे, फक्त एक अपवाद. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे जेमतेम लाख वस्तीचं गाव. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांहून जास्त भागधारक, पण शेअरवर लाभांश नाही आणि नफ्यासाठी तो विकताही येत नाही. तरी नवे शेअर निघाले की लोक रांगा लावतात. १९६० पासून हंगामी तिकिटं संपलेली, प्रतीक्षा यादीत लाखाहून जास्त नावं. हिमवर्षाव झाला की क्लब हाक देतो आणि शेकडो गावकरी फावडी घेऊन पहाटे मैदानावर हजर होतात. त्यासाठी थोडीफार मजुरी मिळते, पण मजुरीसाठी कुणी त्या थंडीत येत नसावं.

भारतात हे सगळं अवघड का, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातला वाटा प्रत्येक संघाला मिळतोच, स्टँड भरो न भरो. संघ शहरात राहतो जेमतेम दोन महिने, घरचे साखळी सामने सात. वर दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव, की अर्धा संघ इकडचा तिकडे. अशा वेळी चाहता धरून ठेवायला एखादा मोठा खेळाडू हीच दोरी उरते. विराट कोहली पहिल्या हंगामापासून एकाच संघात राहिला म्हणून बंगळुरूला हे जमलं. चेन्नईला धोनीमुळे जमलं. सट्टेबाजीच्या प्रकरणात बंदी येऊनही चेन्नईचे लोक ढळले नाहीत, आणि त्यांनी संघाला प्रश्नही फारसे विचारले नाहीत, ही निष्ठेची काळजी वाटावी अशी बाजू.

दोरी तुटण्याचा क्षण मात्र येतोच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिलं. पहिल्या घरच्या सामन्यात, १ एप्रिल २०२४ला, वानखेडेने आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायची आठवण करून द्यावी लागली. तिकडे त्याआधी मार्चमध्ये धोनीने नेतृत्व पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या हाती दिलं, आणि चेन्नईने त्याला आपलं म्हटलं, कारण देणारा हात धोनीचा होता आणि ऋतुराज चार हंगाम त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला होता. मुंबईने घेतलेला निर्णय क्रिकेटच्या दृष्टीने योग्य होता की नाही हा वेगळा वाद. पण घरातल्या कर्त्या माणसाचा निरोप घरच्यांना बातमीतून कळावा, हे लोकांना सहन झालं नाही. तीनच महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन आलेल्या हार्दिकच्या नावाने तेच वानखेडे दुमदुमलं.

लोक संघाला इतकं देतात, तर त्यांची काळजी वाहणं हेही संघाचं काम आहे. ३ जून २०२५ रोजी बंगळुरूने अखेर कप जिंकला. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी चेंगराचेंगरीत ११ जण गेले. त्यांत शाळकरी मुलगीही होती. अठरा हंगाम वाट पाहिलेली माणसं आपला आनंद बघायला आली होती, आणि त्यांच्या येण्याची नीट व्यवस्था नव्हती. कोलकात्याने असा दिवस १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर पाहिला होता. तिथे १६ जण दगावले. त्यांची आठवण तिथे अजून दर वर्षी निघते.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र चांगली सुरू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकी अभ्यासक सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरच्या बेसबॉलप्रेमींची आकडेवारी तपासली. मुलगा साधारण आठ वर्षांचा असताना जो संघ जिंकतो, तो त्याच्या मनात आयुष्यभर घर करण्याची शक्यता सर्वांत जास्त, असं त्यांना दिसलं. आपल्याकडची ती चांगली गोष्ट अशी, की मुंबई इंडियन्स हंगामातला एक घरचा सामना स्वयंसेवी संस्थांच्या मुलांसाठी ठेवतात. त्या दिवशी बसगाड्यांची रांग चर्चगेटकडे वळते, हजारो मुलं निळे शर्ट घालून वानखेडेत शिरतात. अनेक जण मैदान प्रथमच पाहत असतात. चौकार असो की षटकांमधली विश्रांती, आवाज कमी होत नाही. कारण या मुलांना कधी ओरडायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. रात्री बस त्यांना परत नेते. पुढच्या सामन्याला त्याच खुर्चीचं तिकीट हजारांच्या घरात असतं, आणि शर्ट मात्र त्यांच्याकडेच राहिलेला असतो.